विजोड भागांचा मेळ

वस्तू लहान झाली म्हणजे ती तयार करणेही सोपे होते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोठ्या वस्तूत बोटभर चूक झाकून जाते. तीच वस्तू वीतभर झाली, की केसाएवढी चूकही डोळ्यांत भरते. त्यातून ती वस्तू एकाच संचातील तयार भागांची नसून चार निरनिराळ्या संचांतून वेचलेल्या भागांची असेल, तर करणाऱ्याच्या बुद्धीची, हाताची आणि धीराची खरी परीक्षा होते. ड्रॅग शर्यतीच्या मोटारीची अशी लहान प्रतिकृती तयार करणे हा अमेरिकेत लहानथोरांच्या आवडीचा छंद आहे. वरवर पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. परंतु ह्या खेळाच्या पोटात गणित आहे, इतिहास आहे आणि यंत्रशास्त्रही आहे.

प्रतिकृती समजण्यासाठी आधी मूळ वस्तू समजली पाहिजे. ड्रॅग शर्यतीत वळणे नसतात आणि फेऱ्याही नसतात. दोन मोटारी एका सरळ धावपट्टीच्या आरंभी शेजारी शेजारी उभ्या राहतात. इशारा होताच त्या सुटतात आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट अंतर जी आधी तोडील ती जिंकते. सर्वांत वेगवान अशा दोन वर्गांसाठी हे अंतर २००८ साली, एका प्राणघातक अपघातानंतर, १,००० फुटांवर आणण्यात आले. सारा खेळ मोजक्या सेकंदांचा. उभ्या जागेवरून क्षणार्धात वेग घेणे, हेच त्या मोटारीचे एकमेव काम होय.

ह्या शर्यतीचा उगम कॅलिफोर्निया राज्यात झाला. तेथील मोहावे वाळवंटात म्युरॉक नावाने त्या काळी ओळखले जाणारे एक कोरडे सरोवर आहे. त्याच्या सपाट व टणक तळावर १९३० नंतरच्या दशकात तरुण मंडळी आपल्या जुन्या मोटारी घेऊन वेग अजमावण्यासाठी जात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस शहरातील रस्त्यांवर उतरली आणि तिच्याबरोबर अपघातही आले. हा धोका टळावा म्हणून १९५० साली सँटा ॲना येथील विमानतळाच्या एका धावपट्टीवर नियमित शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि १९५५ साली ह्या संस्थेने कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे आपली पहिली राष्ट्रीय शर्यत भरविली.

ह्या शर्यतींतील मोटारी कोणत्याही कारखान्यातून तयार होऊन आलेल्या नव्हत्या. तरुणांजवळ पैसा बेताचाच होता; मात्र मोडक्या मोटारींचे ढीग भंगाराच्या आवारात पडलेले होते. त्यांतून एकाने सांगाडा उचलावा, दुसऱ्याने आस आणावा, तिसऱ्याने इंजिन मिळवावे, अशा रीतीने गाडी उभी राही. क्रायस्लर कंपनीने १९५१ साली आपल्या घरगुती वापराच्या मोटारींसाठी एक नवे इंजिन काढले. त्याच्या ज्वलनकक्षांचा आकार अर्धगोलासारखा असल्यामुळे त्याला ‘हेमी’ म्हणत. कुटुंबाला सहलीला नेण्यासाठी घडविलेले हे इंजिन शर्यतवाल्यांचे लाडके झाले. त्याच्या डोक्यावर बसविलेला सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे यंत्र, तर बस आणि मालमोटारी ओढणाऱ्या डिझेल इंजिनावरून काढून आणलेला असे. त्या डिझेल इंजिनाला सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडर ७१ घनइंचांचा, म्हणून तो सुपरचार्जर आजही ‘६-७१’ ह्याच नावाने ओळखला जातो. सारांश, मूळ मोटारच विजोड भागांच्या मेळातून जन्मली होती. तिची प्रतिकृती निरनिराळ्या संचांतील भागांची करणे ही लबाडी नव्हे. उलट मूळ कारागिरांच्या रीतीचीच ती लहान आवृत्ती आहे.

प्रतिकृतीचे संच बाजारात आले तेही ह्याच सुमारास. मिशिगन राज्यातील एएमटी ह्या कंपनीने १९५८ साली प्लॅस्टिकचे असे संच विकावयास काढले, की एकाच पेटीतील भागांपासून नेहमीची, नटविलेली किंवा शर्यतीची अशा तीन तऱ्हांपैकी कोणतीही एक मोटार जोडता यावी. मोटार एकच होणार. मग उरलेल्या भागांचे काय? शहाण्या मुलांनी ते फेकले नाहीत. त्यांनी ते एका डब्यात साठविले. सुतार जसा लाकडाचा तुकडा सहसा टाकीत नाही, तसा प्रतिकृतीकारही चाक, नळी किंवा आसन टाकीत नाही. काही वर्षांत तो डबा भरतो आणि एके दिवशी त्याच्या मनात येते, की ह्या उरल्यासुरल्या भागांतून एक नवीच मोटार का उभी राहू नये?

येथेच खरी कसोटी सुरू होते. डब्यातील प्रत्येक भाग आपल्या जागी उत्तम असला, तरी चार उत्तम भाग एकत्र आणल्याने उत्तम मोटार होत नाही. त्यासाठी तीन प्रकारचा मेळ साधावा लागतो: मापाचा, काळाचा आणि कार्याचा.

पहिला मेळ मापाचा. प्रतिकृतीचे संच निरनिराळ्या प्रमाणांत निघतात. काही मूळ मोटारीच्या १/२४, तर काही १/२५ असतात. १/१६ असे मोठे संचही आहेत. १/२४ म्हणजे मूळ वस्तूतील एक फूट प्रतिकृतीत अर्धा इंच होतो. १/२४ आणि १/२५ ह्यांतील फरक केवळ चार टक्क्यांचा. तो मनावर का घ्यावा, असे कोणी म्हणेल. समजा, मूळ मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर १२५ इंच आहे. १/२५ ह्या प्रमाणात ते बरोबर ५ इंच होईल, तर १/२४ ह्या प्रमाणात ते ५.२ इंच भरेल. हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. चालकाची उंची १७५ सेंटिमीटर धरली, तर पहिल्या प्रमाणात तो ७ सेंटिमीटरांचा आणि १/१६ ह्या प्रमाणात जवळजवळ ११ सेंटिमीटरांचा होईल. असा चालक लहान मोटारीत बसविला, तर मोठ्या माणसाने बाळाच्या पाळण्यात बसावे तसे दिसेल.

तथापि येथेही तारतम्य आहे. खऱ्या जगात टायर लहानमोठे असतातच. त्यामुळे १/२४ च्या संचातील मागचे टायर १/२५ च्या मोटारीस बहुधा चालून जातात. परंतु इंजिनाचा ठोकळा एका प्रमाणाचा आणि त्यावरील झाकणे दुसऱ्या प्रमाणाची असे मुळीच चालत नाही. कारण तेथे एका भागाच्या कडेला दुसऱ्याची कड भिडावयाची असते. कोठे सूट घ्यावी आणि कोठे घेऊ नये, हे पट्टी सांगत नाही. ते समज सांगते.

दुसरा मेळ काळाचा. मोटारीचे रूप दरवर्षी थोडेथोडे पालटत गेले. प्रारंभीच्या शर्यतीच्या मोटारींत दोन आसांमधील अंतर १०० इंचांच्या आसपास असे. १९७० च्या सुमारास ते २०० इंचांच्याही पुढे गेले. इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या आधी खाली व मागे वळलेल्या असत. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास त्या वर वळू लागल्या. १९५७ सालच्या मोटारीला अशा वर वळलेल्या नळ्या बसविल्या, तर जाणकार पाहताक्षणीच हसेल. ऐतिहासिक नाटकात मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसावे, तसाच तो प्रकार होय.

परंतु काळाचा मेळ हा केवळ रूपाचा प्रश्न नाही. त्यामागे माणसांनी सोसलेली दुःखेही आहेत. पूर्वी सर्वांत वेगवान मोटारींत इंजिन चालकाच्या पुढे असे आणि चालक मागच्या आसाच्याही मागे बसे. मागच्या चाकांवर अधिक भार पडावा आणि त्यांनी जमीन घट्ट धरावी, हा ह्या रचनेचा हेतू होता. बेचकीच्या चामड्यात खडा बसावा तसा चालक अगदी मागे बसे. म्हणून ह्या मोटारींना ‘स्लिंगशॉट’, म्हणजे बेचकी, हे नाव पडले. हेतू सफल झाला, पण किंमत मोठी होती. इंजिनातून उडणारे तेल आणि ज्वाळा थेट चालकाच्या तोंडावर येत आणि वेगाने फिरणारी यंत्रे त्याच्या पायांपाशीच असत.

डॉन गार्लिट्स हे फ्लॉरिडा राज्यातील नामांकित चालक. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर त्यांची मोटार सुटली, तोच तिच्यातील गती पालटणाऱ्या यंत्राचा स्फोट झाला. मोटारीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटून गेला. दुसरा एखादा माणूस ह्या खेळाला कायमचा रामराम करता. गार्लिट्स यांनी दुखण्यातून उठता उठता निराळाच विचार केला. चालकाने इंजिनाच्या मागे बसण्याऐवजी इंजिनच चालकाच्या मागे ठेवले तर?

ही कल्पना अगदी नवी नव्हती. तशा मोटारी पूर्वी काहींनी केल्या होत्या. परंतु त्या सरळ धावत नसत, म्हणून लोकांनी त्यांचा नाद सोडला होता. गार्लिट्स आणि त्यांचे सहकारी दोष शोधीत राहिले. अखेर चूक सापडली ती सुकाणूत. चक्र किंचित फिरविले तरी चाके फार वळत. त्यामुळे मोटार भरकटे. त्यांनी सुकाणूचा हा उतावळेपणा कमी केला आणि मोटार वठणीवर आली. १९७१ च्या आरंभी त्याच मोटारीने पोमोना येथील मोठी शर्यत जिंकली. पुढील काही वर्षांत सर्वांत वेगवान वर्गातून पुढे इंजिन असलेल्या मोटारी नाहीशा झाल्या. गार्लिट्स यांची १९८६ सालची एक मोटार पुढे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहात घेतली.

ज्याला हा इतिहास ठाऊक आहे, तो प्रतिकृती करताना इंजिन पुढे की मागे, हा प्रश्न डब्यात कोणता सांगाडा हाताशी लागतो ह्यावर सोपवीत नाही. आपण १९७१ च्या अलीकडची मोटार करीत आहोत की पलीकडची, हे तो आधी ठरवितो. ते ठरले, की सांगाड्याची लांबी, नळ्यांचे वळण, आसनाची जागा हे सारे आपोआप ठरत जाते.

तिसरा मेळ कार्याचा. प्रत्येक भाग मोटारीत काही काम करीत असतो आणि ज्याला काम नाही त्याला तेथे जागाही नाही. घरगुती मोटारीच्या संचातील हेमी इंजिन घेतले, तर त्याच्याबरोबर पंखा, विजेचा जनित्र आणि पाणी नेणाऱ्या नळ्याही येतात. ते सारे जसेच्या तसे शर्यतीच्या मोटारीत बसविले, तर प्रतिकृती फसली म्हणून समजावे. शर्यत काही सेकंदांत संपते. एवढ्या अवधीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेचा भार कोण वाहील? म्हणून ह्या मोटारींत रेडिएटर नसे आणि पंखाही नसे. इंजिन सुरू करण्याचे यंत्रसुद्धा नसे. दुसरी मोटार मागून ढकलीत नेई आणि त्या गतीने इंजिन जागे होई. ह्यासाठी सांगाड्याच्या मागे एक आडवी दांडी असे. ती विसरली, तर ती प्रतिकृती दिसावयास कितीही सुरेख असो, सुरू मात्र कधीच झाली नसती. पुढची चाके सायकलच्या चाकासारखी बारीक आरांची, कारण त्यांना केवळ दिशा दाखवावयाची. मागचे टायर रुंद आणि गुळगुळीत, कारण त्यांना जमिनीला चिकटावयाचे. आणि अगदी मागे हवाई छत्रीचे गाठोडे, कारण एवढा वेग केवळ ब्रेकने आवरत नाही.

तिन्ही मेळ मनात पक्के झाले, की हात चालू लागतात. प्रथम सर्व भाग चिकटपट्टीच्या साहाय्याने तात्पुरते जोडून पाहिले जातात. मोटार थोडी दुरून, डोळ्यांच्या पातळीवर ठेवून पाहावी लागते. ह्या वेळी कंटाळा केला, तर पुढे दुप्पट काम पडते. नंतर सांगाडा. संचातील सांगाडे बहुधा आखूड किंवा भलत्याच काळाचे निघतात. म्हणून तो प्लॅस्टिकच्या बारीक कांड्यांचा नव्याने करणे बरे. मूळ नळी दीड इंच जाडीची असेल, तर १/२५ ह्या प्रमाणात दीड मिलिमीटरची कांडी पुरते. कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढून त्यावरच कांड्या ठेवाव्यात आणि कापाव्यात. मागचा आस घरगुती मोटारीचा असल्यामुळे रुंद असतो; त्याच्या दोन्ही बाजू कापून तो आखूड करतात. खऱ्या कारागिरांनीही हेच केले होते. त्यांनी पोलाद कापले, येथे प्लॅस्टिक कापावयाचे एवढाच फरक.

जोडकामासाठी प्लॅस्टिकचा पातळ सिमेंट वापरतात. हा डिंकासारखा नुसता चिकटत नाही. दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून त्यांना एकजीव करतो. म्हणूनच ज्या भागांवर चांदीसारखा चकचकीत मुलामा दिलेला असतो, तेथील मुलामा सांध्यापुरता खरवडून काढावा लागतो. नाही तर सिमेंट प्लॅस्टिकपर्यंत पोचतच नाही आणि सांधा दुसऱ्या दिवशी निखळतो. सिमेंटची वाफ श्वासाबरोबर जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. चाकू नेहमी बोटांपासून दूर चालवावा. आणि नवख्याने हे काम वडील माणसाच्या देखरेखीखाली करावे.

सांगाडा वाळला, की तो काचेच्या सपाट तावदानावर ठेवून चारही चाके टेकतात की नाही हे पाहतात. ह्या मोटारींत मागचा आस सांगाड्याला थेट जखडलेला असे. मध्ये स्प्रिंग नसे. त्यामुळे सांगाड्यात जराही पीळ असला, तर एक चाक अधांतरी राहते. असे झाल्यास रंगाने किंवा लांबीने ती चूक झाकू पाहणे व्यर्थ होय. सांधा कापावा, सांगाडा सरळ करावा आणि पुन्हा जोडावा. दोन दिवसांचे काम आपल्याच हाताने तोडणे जिवावर येते खरे; परंतु प्रतिकृतीकाराची पारख ह्याच क्षणी होते.

इंजिनाचे काम सर्वांत नाजूक. इंजिनाच्या खालच्या चाकावरून वरच्या सुपरचार्जरच्या चाकाकडे दातेरी पट्टा जातो. ही दोन चाके निरनिराळ्या संचांतून आलेली असली, तरी समोरून आणि बाजूने पाहता एकाच पातळीत आली पाहिजेत. नाही तर खरा पट्टा पहिल्याच क्षणी निसटला असता. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोपासून आठ सिलिंडरांकडे आठ तारा जातात. मूळ तार सात-आठ मिलिमीटर जाडीची. म्हणून प्रतिकृतीत ती मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी बारीक हवी. तार मोजून आठच असावी. शोभेसाठी नववी नको आणि आळसापायी सातवर थांबणेही नको.

शेवटी रंग. चार संचांतील प्लॅस्टिक चार रंगांचे असते. कोठे पांढरे, कोठे तांबडे, कोठे काळे. सर्वांवर प्रथम करड्या अस्तराचा एक पातळ हात दिला, की दोन गोष्टी घडतात. लपून राहिलेले ओरखडे आणि फटी उघड्या पडतात आणि त्या घासून भरता येतात. दुसरे असे, की कोणता भाग कोठून आला हे ओळखू येईनासे होते. त्यावर एकेक पातळ हात देत अंतिम रंग चढवावयाचा आणि पाण्यात भिजवून उतरविण्याची अक्षरे व आकडे बसवावयाचे, म्हणजे मोटार पुरी झाली.

अशी पुरी झालेली मोटार तळहाताएवढी असते. पाव मैलाची धावपट्टीही त्याच प्रमाणात लहान केली, तर ती सोळा मीटरांची, म्हणजे शाळेच्या एखाद्या ओसरीएवढी होईल. ही मोटार त्या ओसरीवर धावणार नाही. तिच्या इंजिनात आग नाही. तरीही तिच्याकडे पाहताना कोरड्या सरोवरावरील तरुण, बसगाडीवरून उतरलेला तो सुपरचार्जर आणि रुग्णशय्येवरून नव्या मोटारीचा विचार करणारा चालक हे सारे डोळ्यांपुढे उभे राहतात. भाग कोठून आले, ह्याला शेवटी महत्त्व राहत नाही. प्रत्येक भागाचे माप जुळले, काळ जुळला आणि त्याचे काम करणाऱ्याला समजले, म्हणजे विजोड वाटणारे भागही एकमेकांचे सोबती होतात. ही समज ज्याच्या हाती आली, त्याचा उरल्यासुरल्या तुकड्यांचा डबा कधीच रिकामा नसतो.

स्वाध्याय

१. ड्रॅग शर्यतीची मूळ मोटारच विजोड भागांची होती, असे का म्हटले आहे?
२. मापाचा, काळाचा आणि कार्याचा मेळ म्हणजे काय, ते प्रत्येकी एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. १९७० च्या अपघातानंतर गार्लिट्स यांनी मोटारीच्या रचनेत कोणता बदल केला? तो यशस्वी होण्यासाठी कोणती अडचण दूर करावी लागली?
४. दोन आसांमधील अंतर १५० इंच असलेल्या मोटारीची १/२५ आणि १/२४ ह्या प्रमाणांत प्रतिकृती केली, तर ते अंतर प्रत्येकी किती होईल?
५. ‘दोन दिवसांचे काम आपल्याच हाताने तोडणे’ का आवश्यक ठरते? असा एखादा स्वतःचा अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.